पर्चीची मागची बाजू

नागपुरात भुतं रात्री फिरत नाहीत. उन्हाळ्याच्या रात्री इथे माणसंच एवढी जागी असतात, गच्चीवर पाणी मारतात, खाटा ओढतात, कोपऱ्यावर कुल्फी खात उभी राहतात, की भुतांना जागा उरत नाही. त्यांची वेळ नवतप्यातल्या दुपारची. मे संपत आला की ते नऊ तापलेले दिवस येतात. दीडच्या सुमारास खिडकीचा पडदा बोटभर सरकवून बघावं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. डांबर मऊ पडलेलं. समोरच्या घराची भिंत उन्हात पांढरी होऊन हलत असते. आत कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास आणि पन्ह्याचा रिकामा पेला.

त्या घरघरीच्या आत मला एक दुसरा आवाज ऐकू येतो. जाड पुठ्ठ्याचा तुकडा कुणी टेबलावर उलटा करावा, तसा. टप. थोड्या वेळाने पुन्हा, टप. माझी मुलगी मंजिरी म्हणाली, ‘बाबा, पंखा जाळीला घासत असेल.’ तिने मेकॅनिक बोलावला. त्याने पंखा काढला, तेल घातलं, परत बसवला आणि म्हणाला, ‘आता आवाज नाही येनार काका.’ मी त्याला पैसे दिले आणि बरं म्हटलं.

मंजिरी पुण्याहून आली होती ती तिच्या आईचं कपाट आवरायला. सुलभाला जाऊन दोन वर्षं झाली. तळाशी एक मोतिया रंगाची साडी निघाली. घडी मोडलेली नाही, दुकानाची चिठ्ठी अजून दोऱ्याला लटकलेली. ‘ही आईने कधी नेसलीच नाही?’ तिने विचारलं. ‘राहून गेलं असेल,’ मी म्हणालो आणि उठून खोलीत जाऊन बसलो. चिठ्ठीवरच्या दुकानाचं नाव मी दुरूनच वाचलं होतं. ते गुणवंताचं दुकान नव्हतं. मला जे सांगायचं आहे ते सगळं एवढ्यातच आहे, पण एवढ्याने कुणाला कळणार नाही.

गांधीबागेच्या कापडबाजारात एक गल्ली आहे. तिचं नाव मी लिहीत नाही. तिथे शिरलं की नव्या कापडाचा, कांजीचा वास नाकात बसायचा आणि घरी येऊन अंघोळ केली तरी जायचा नाही. दुकानात पांढरी गादी. चपला बाहेर काढायच्या, मांडी घालायची, पाणी यायचं, चहा यायचा, मग कापड. लोखंडी गजाने मोजायचं, कात्रीने टोक कापायचं आणि उरलेलं हाताने फाडायचं. चर्र असा तो आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललेला असे.

बाजारात एकदा चिल्लरचा फार तुटवडा पडला, तेव्हा या गल्लीने आपली पर्ची काढली. पिवळ्या पुठ्ठ्याची, पत्त्याच्या पानाएवढी. समोर गल्लीच्या मंडळाचा शिक्का आणि आकडा. मागे, कोपऱ्यात, ज्या दुकानाने ती दिली त्याचा छोटा शिक्का. पर्ची कुठलीही असो, गल्लीतल्या कुठल्याही दुकानात चालायची. दर शनिवारी दुकानदार एका गादीवर जमत, ज्याच्या पर्च्या त्याला परत देत आणि फरक रोख मिटवत. तुटवडा संपला, पर्ची राहिली. चहावाला घेऊ लागला, शिंपी घेऊ लागले, ठेलेवाले घेऊ लागले. दुकानातल्या माणसांना पगारातला काही भाग पर्चीत मिळू लागला. लग्नघरं हिवाळ्यातच पैसे भरून पर्च्या घेऊन ठेवत, कारण तसं केलं तर थोड्या जास्त मिळत. हे कायद्यात बसतं का, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो.

एक रीत मात्र सगळे पाळत. पर्ची घेताना ती उलटी करून बघायची नाही. उलटी करणं म्हणजे शिक्का बघणं, आणि शिक्का बघणं म्हणजे त्या दुकानदाराच्या तोंडावर त्याला बेइमान म्हणणं. पिवळा रंग दिसला की पुरे.

गुणवंत धकाते माझा महापालिकेच्या शाळेतला दोस्त. त्याचे आजोबा मागावर लुगडी विणत, वडील खांद्यावर गठ्ठा घेऊन ती विकत. गुणवंत घराण्यातला पहिला गादीवर बसणारा. कापड मोजून झालं की तो चार बोटं पुढे सरकवून कात्री लावायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो जास्त झालं. तो म्हणायचा, ‘पोरगी उंच होईन ना बाप्पा.’

ज्या उन्हाळ्याचं मी बोलतोय, त्या उन्हाळ्यात ग्रीस देशाची बातमी रोज असे. पुष्कळ देशांनी मिळून एकच चलन घेतलेलं, आणि त्यातला हा एक कर्जात रुतलेला. त्याने त्या चलनात राहावं की बाहेर पडावं? राहायचं तर बाकीचे सांगतील तसे पगार कापायचे, पेन्शन कापायची. बाहेर पडायचं तर आपली जुनी नोट पुन्हा काढायची. ती घसरेल, लोकांच्या ठेवी आटतील, पण माल स्वस्त होईल, बाहेरचं गिऱ्हाईक येईल, आणि निदान निर्णय आपले आपल्या हातात राहतील. मी इथल्या एका पेपरात आठवड्याला एक लेख लिहीत असे. मी ठासून लिहिलं की बाहेर पडावं. ग्रीस मी पाहिलेला नाही. अजूनही नाही.

गुणवंत संध्याकाळी आमच्या गच्चीवर यायचा. सुलभाच्या कुरड्या तिथे वाळत घातलेल्या असत, त्यातली एक अर्धवट ओली उचलून तोंडात टाकायचा.

‘अबे मास्तर, तुया लेख वाचला. अर्धा समजला.’

‘कोणता अर्धा?’

‘ज्यात तुयं नाव होतं तो.’ मग खाट ओढून बसला. ‘पन मले एक सांग. त्या ग्रीसवाल्याले बाकीचे काय म्हनून राहिले?’

‘खर्च कमी कर म्हणतात. माणसं कमी कर, हात आखड.’

‘मंग तं तो माह्याच गल्लीतला हाय बे.’

हसत म्हणाला, पण मग कळलं ते हसण्यासारखं नव्हतं. त्याने शेजारचं अर्धं दुकान घेतलं होतं, लग्नसराईसाठी शालूंचा मोठा माल भरला होता आणि त्यासाठी लोकांकडून रोख घेऊन पर्च्या भरमसाट दिल्या होत्या. माल उठला नाही. शनिवारच्या गादीवर त्याच्या शिक्क्याच्या पर्च्यांचा ढीग पडू लागला आणि रोख द्यायला त्याच्याजवळ नव्हती. बाकीचे म्हणाले, अर्धं दुकान बंद कर, दोन माणसं काढ, वर्षभर नवी पर्ची देऊ नको.

‘दोन मानसं कोनती काढू?’ तो मला विचारत होता. ‘तूच सांग. त्या ग्रीसले तं लय सांगून राहिला.’

मला तेव्हा काय वाटलं ते मी लिहिलं पाहिजे. मला आनंद झाला. आयुष्यभर फळ्यावर खडूने जे लिहिलं ते पहिल्यांदाच समोर खाटेवर येऊन बसलं होतं, कुरडी चघळत. मी कागद घेतला आणि त्याला समजावू लागलो. पिवळ्या पर्चीतून बाहेर पड. आपली गुलाबी पर्ची काढ. तुझ्या शिक्क्याच्या जेवढ्या पिवळ्या बाहेर आहेत त्या गुलाबीत बदलून दे, एकास एक. गुलाबी फक्त तुझ्या दुकानात चालेल, म्हणून तिचा भाव पडेल. पडू दे. शंभराची ऐंशीला मिळू लागली की तुझी साडी गल्लीत सगळ्यांत स्वस्त. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलन्यांतून बायका बस भरून येतात, त्या तुझ्याकडे वळतील.

त्याने कागदावरच्या ऐंशीवर बोट ठेवलं. ‘म्हंजे ज्यानं माह्यावर भरोसा ठेवून पर्ची घेतली, त्याचं शंभरातलं वीस गेलं.’

‘आत्ता जाईल. दोन वर्षांत भरून देशील.’

‘चार बोटं जास्त देनारा मानूस मी बे.’

‘म्हणूनच बुडतोयस,’ मी म्हणालो. आणि मग त्याला पहिला नियम सांगितला: आधी कुणालाही कळता कामा नये. कळलं तर लोक पिवळ्या पर्च्या घेऊन धावतील आणि बाहेर पडायला तू उरणारच नाहीस.

नवतपा लागला त्या आठवड्यातल्या गुरुवारी त्याच्या दुकानामागच्या कोठीत आम्ही तिघं बसलो. गुणवंत, मी आणि नत्थूजी. नत्थूजी त्याचे दिवाणजी, तीस वर्षांपासूनचे. कानावर पेन, कमरेला किल्ल्या. गुलाबी पर्च्यांचा बांधलेला गठ्ठा त्यांनी कपाटात ठेवला. रविवारी गल्ली बंद असते, त्या दिवशी मंडळाला सांगायचं, असं ठरलं. ‘तुमाले काय वाटते नत्थूजी?’ गुणवंताने विचारलं. ते म्हणाले, ‘सर म्हनते तं बरोबरच असन.’

घरी आलो. हातपाय धुतले. आमच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात मंजिरीच्या लग्नाचा सगळा बस्ता निघेल एवढ्या पर्च्या होत्या. लग्न पुढच्या महिन्यात. हिवाळ्यात गुणवंतानेच त्या दिल्या होत्या. मी डबा टेबलावर घेतला. एक पर्ची उलटी केली. टप. गुणवंताचा शिक्का. दुसरी उलटी केली. टप. सगळ्याच त्याच्या असणार हे मला ठाऊक होतं, तरी मी एकेक उलटी करत गेलो, शेवटचीपर्यंत. शनिवारचा हिशेब सोडला तर त्या गल्लीच्या पर्च्यांच्या आयुष्यात मागची बाजू बघणारा पहिला माणूस मी.

शुक्रवारी जेवण झाल्यावर मी सुलभाला म्हणालो, ‘आज जाऊन कापड घेऊन ये. या सगळ्या संपव.’

‘आज? या उन्हात? आणि आपण दोघांनी जायचं ठरलंय ना. गुणवंतभाऊजी नारळ आणून बसलेत.’

‘त्याच्याकडे जाऊ नको. बाकीच्या दुकानांतून घे.’

‘काहून?’

‘विचारू नको. आणि सगळ्या संपव.’

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग तोंडाला ओढणी गुंडाळली, लू लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा टाकला आणि ऑटोत बसली. मी पडदा सरकवून बघितलं. रस्त्यावर ती ऑटो सोडून काहीच हलत नव्हतं. मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा कारण सांगितलं नव्हतं. नियम मी अक्षरशः पाळला होता, आणि कूलरसमोर मला लगेच झोप लागली.

एक गोष्ट मी विसरलो होतो. ती कुठल्या पुस्तकात नसते, आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारली तर ती सांगेल. लग्नाचा बस्ता एकाच दुकानात बांधतात. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, टॉवेल-टोपी, चोळखण, सगळं एका गादीवर. पहिल्या साडीला दुकानदार हळद-कुंकू लावतो, शेवटी पांढऱ्या कापडात गाठोडं बांधून वर नारळ ठेवतो. बस्ता फोडून सहा दुकानांत नेत नाहीत. लग्नाला ते चांगलं नसतं. आणि ज्याचा सख्खा दोस्त त्याच गल्लीत दुकान मांडून बसलाय, त्याच्या घरची बाई भर नवतप्यात एकटी, मुठीत पर्च्या घेऊन, त्याच्या दारावरून पुढे जाते.

संध्याकाळी पायावर पाणी घेता घेता तिने सांगितलं. तिसऱ्या दुकानातला म्हातारा तिला म्हणाला होता, ‘काय वैनी, प्रोफेसर साहेबाचा बस्ता आज गल्लीभर फिरून राहिला? धकाते मेला का काय?’ तिने पर्ची पुढे केली. मग त्याने तिच्या हातातली पर्ची घेतली आणि उलटी केली. मग दुसरी.

‘सगळ्या उलट्या करून बघितल्या,’ ती म्हणाली. ‘मग माझ्याकडे बघितलं. मी काय केलं हो आज?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘खरेदी.’

शनिवारी सकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रीतून सगळ्या दुकानांनी गुणवंताच्या शिक्क्याची पर्ची घेणं थांबवलं होतं, आणि जिच्या घरात पिवळा पुठ्ठा होता ती बाई तो उलटा करून बघत त्याच्या दारात उभी होती. शिंपी, चहावाला, ठेलेवाले. त्या दिवसांत टीव्हीवर सांगत, तिकडे लोक गुपचूप बँकेतून पैसे काढताहेत. मी ती बातमी वर्गात शिकवली होती. इथे गुपचूप काही नव्हतं, ऊन डोक्यावर होतं आणि लोक ओरडत होते. गुणवंताने शटर ओढलं नाही. गादीवर उभा राहून तो पुरा आकडा धरून कापड देत होता, शंभराला शंभर. चर्र, चर्र, एकसारखं फाडणं चाललेलं. मला गर्दीत बघून त्याने हात वर केला. ‘ये बे मास्तर! ग्रीस पाहाले ये!’

दुपारी साडेबारापर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या. शालू गेले, अस्तरं गेली, खिडकीतल्या पुतळ्याच्या अंगावरची साडी गेली. गुलाबी गठ्ठा कपाटात बांधलेलाच राहिला. ज्यांना काही मिळालं नाही ते शिव्या देत गेले. कुणीतरी उसाच्या रसाचा पेला माझ्या हातात दिला. मी तो धरून उभा होतो.

गुणवंत गादीवर बसला आणि सगळ्या गल्लीदेखत म्हणाला, ‘तिघाले माहीत होतं. मी सांगतलं नाही. मास्तर मरन पन सांगनार नाही. मंग राह्यलं कोन?’

शुक्रवारी सुलभा गल्लीत फिरली हे त्याच्या किंवा नत्थूजींच्या कानावर कुणी घातलं नव्हतं; बुडणाऱ्याला त्याच्या दोस्ताचं नाव कोण सांगणार. नत्थूजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग कानावरचं पेन काढून गादीवर ठेवलं. कमरेच्या किल्ल्या काढून त्याच्या शेजारी ठेवल्या. ‘चुकलं असन मालक, माह्याकडून,’ ते म्हणाले. चपला घातल्या आणि गेले. उन्हात त्यांची सावली पायाखालीच होती, एवढीशी.

मी काही बोललो नाही. पेल्यातला बर्फ विरघळून गेला. हे एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली: मी काही बोललो नाही.

सोमवारी माझा लेख छापून आला. शुक्रवारच्या आधीच दिलेला होता. त्यात होतं की बाहेर पडण्यासाठी धैर्य लागतं.

मंजिरीचं लग्न झालं. सहा दुकानांतून आलेलं कापड सगळ्यांच्या अंगावर होतं. सुलभाने स्वतःसाठी घेतलेली मोतिया साडी नेसली नाही, जुनी नेसली. का, असं मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आमच्या घरात त्या दिवसापासून एक विषय कमी झाला, आणि माणसं म्हातारी होत जातात तसे विषय कमी होतच जातात, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गुणवंत लग्नाला आला. तेव्हा तो दुसऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. नारळ आणि एक चोळखण घेऊन आला. आहेर.

पुढे तो खापरखेड्याला मुलीकडे राहायला गेला. जावई वीज केंद्रात होता. मी एकदा भेटायला गेलो. क्वार्टरच्या अंगणात तुळशीच्या पानांवर राखेचा बारीक थर होता. माझ्यासाठी खुर्ची आणली, ती दुपट्ट्याने पुसली, पुन्हा पुसली.

‘तुयी थेरी बरोबर होती बे,’ तो म्हणाला. ‘माह्याच घरचं मानूस फुटलं, त्याले तू काय करशीन? तीस वर्षं जेवला माह्या ताटात.’

मी तेव्हा सांगू शकत होतो. म्हाताऱ्याचं समाधान कशाला मोडायचं, असं मी मनात म्हटलं. समाधान माझं होतं. दोन हिवाळ्यांनी तो गेला. तिरडीला मी खांदा दिला.

अजूनही एखादा जुना विद्यार्थी भेटला, आणि जगात कुठला देश कर्जात सापडला असला, की विचारतो: सर, बाहेर पडावं का हो त्यांनी? दोन्ही बाजूंनी तासभर बोलता येईल एवढं मला अजून येतं. गुलाबी पर्ची चालली असती का, हे मला माहीत नाही. बहुतेक दिवाळीपर्यंत तीही बुडाली असती. पुष्कळ वर्षं हा विचार मी छत्रीसारखा डोक्यावर धरला, की बुडायचं ते बुडालंच असतं. दुकान बुडालं असतं. नत्थूजी आपोआप बुडाले नसते, त्यांना मी बुडवलं. आणि मुलांना शिकवताना एक गोष्ट राहून गेली. जो माणूस तुम्हाला बाहेर पड म्हणतो, त्याच्या घरी जाऊन आधी त्याचा डबा बघावा.

ती साडी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, मी जरीपटक्याला गेलो. तिथल्या बाजारात एका दुकानात नत्थूजींनी नंतर काम केल्याचं कानावर होतं. दुकानदाराने मागच्या बोळातलं घर दाखवलं. दोन खोल्या. नत्थूजी खाटेवर बसले होते. डोळे गेलेत, आवाजावरून ओळखलं.

‘सर? या या, बसा. सगुणा, प्रोफेसर सर आले वं! पानी आन.’

त्यांची बायको पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली, ठेवून आत गेली. मी पाणी प्यायलो नाही. घरून ठरवून आलो होतो तसं सरळ सांगितलं: गुरुवारी मी काय केलं, शुक्रवारी सुलभाला कुठे पाठवलं, आणि शनिवारी पेला धरून कसा उभा राहिलो. मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा म्हणतील की मला ठाऊकच होतं मी निर्दोष आहे, तुम्हीच उशीर केला.

ते म्हणाले, ‘थांबा सर. पुन्हा सांगा. वैनी कवा गेल्या होत्या दुकानात?’

‘शुक्रवारी. दुपारी.’

‘शुक्रवारी दुपारी.’ त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. ‘गुरुवारी जेवताना मी हिले सांगतलं होतं. मालक नवी पर्ची काढून राहिले, कोनाले सांगू नोको म्हनलं. शनवारी ते मानसं आले न सर, मले वाटलं हिनंच नळावर सांगतलं. हे म्हने मी नाही. मी म्हनलं, मंग कोन?’

म्हणजे गादीवर पेन ठेवताना ते जे बोलले ती नम्रता नव्हती. त्यांना ते खरं वाटत होतं. आणि माझ्याकडे जे बघितलं तेही, मी बोलावं म्हणून नव्हतं. त्यांना माझ्यासमोर लाज वाटत होती. इतकी वर्षं मी समजत होतो की मी एका निर्दोष माणसाला गप्प राहून अडकवलं. त्याला निदान स्वतःबद्दल तरी खात्री असेल, असं धरून मी झोपत होतो.

‘हिच्या हातचं जेवलो सर,’ नत्थूजी म्हणाले. ‘पन तवापासून घरातली गोष्ट हिच्यापाशी बोललो नाही. पोरीचं लगन ठरलं तं शेजाऱ्याले आधी सांगतलं, हिले मांगून.’

सगुणाबाई दारात उभ्या होत्या. केव्हापासून, मला माहीत नाही. त्या आत गेल्या आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. बिस्किटांचा. खाली बसून त्यांनी तो उघडला. पिवळ्या पर्च्या, दोऱ्याने बांधलेल्या, कडा मऊ पडलेल्या.

‘यायच्या पगारातून एक-दोन ठेवत होती मी, पोरीसाठी,’ त्या मला म्हणाल्या. ‘सगळ्यांवर मालकाचाच शिक्का हाय. गुरुवारीच मले समजलं की हे बुडनार. शुक्रवार अख्खा होता. गेली का मी दुकानात?’

मी मान हलवली.

‘काहून नाही गेली? कोनाले सांगू नोको म्हनलं होतं यायनं. मी पर्च्या घेऊन गेली असती तं ते सांगनंच झालं असतं ना? तोंडानं सांगा का पायानं सांगा.’

मी पस्तीस वर्षं शिकवलं. हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं.

‘मले काहून नाही दाखवला वं डबा?’ नत्थूजी विचारत होते.

‘तुमी इचारलं कवा?’ त्या त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, ‘तुमी पेपरात लिहत होते ना. हेही लिहा. गल्लीचं नाव नोका लिहू, त्या लोकायचा काही दोष नाही. यायचं लिहा. माहं लिहा, सगुणा म्हनून.’

लिहितो म्हणालो. उठायला लागलो, तर नत्थूजींनी हात पुढे केला. मला वाटलं निरोपाचा. त्यांचा हात डबा शोधत होता. सगुणाबाईंनी दोरा सोडून गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वरची पर्ची उचलली, बोटांनी कडा चाचपल्या आणि खाटेच्या फळीवर ती उलटी ठेवली. टप.

‘कोनाचा हाय वं?’

‘मालकाचा.’

दुसरी. टप. ‘आन हे?’

‘मालकाचाच.’

बाहेर ऊन चढत होतं. बोळातली वर्दळ कमी कमी होत थांबली. ते एकेक उलटी करून विचारत होते, आणि त्या प्रत्येक वेळी वाकून, शिक्का नीट बघून, मगच सांगत होत्या. मी परत बसलो. डब्यात पर्च्या बऱ्याच होत्या.